स्वतःचा प्रक्षेपण-उद्योग उभारू पाहणाऱ्या देशाने सुरुवात कुठून करावी?

कक्षावेध (धागाकर्ता)

गेल्या दहा-बारा वर्षांत बऱ्याच देशांनी आपल्या भूमीवरून व्यावसायिक उपग्रह सोडण्याची महत्त्वाकांक्षा जाहीर केली. दक्षिण कोरिया, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, नॉर्वे, न्यूझीलंड अशी ही यादी आहे. यांपैकी नियमित व्यावसायिक सेवा आजवर फक्त न्यूझीलंडच्या भूमीवरून सुरू झाली आहे. भारताची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे सरकारी अवकाश कार्यक्रम जुना आणि परिपक्व आहे, पण खासगी प्रक्षेपण-उद्योग अजून बाल्यावस्थेत आहे.

या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा रॉकेटभोवतीच फिरते. इंजिन कोणते, इंधन कोणते, पहिला टप्पा परत उतरवता येईल का, असे प्रश्न विचारले जातात. ते महत्त्वाचे आहेतच, परंतु माझ्या मते उद्योग रॉकेटने उभा राहत नाही, तो ठरावीक काळाने होत राहणाऱ्या उड्डाणांनी उभा राहतो. नवख्या रॉकेटवर आपला उपग्रह ठेवायला व्यावसायिक ग्राहक धजावत नाही आणि विमा कंपन्याही चढा हप्ता मागतात. म्हणून पहिली पाच-सात उड्डाणे कोणीतरी जाणूनबुजून, धोका पत्करून विकत घ्यावी लागतात. हे काम सरकारखेरीज दुसऱ्या कोणी केल्याचे उदाहरण मला सापडत नाही.

स्पेसएक्सचे फाल्कन-१ हे रॉकेट २००६, २००७ आणि २००८ अशा तीन प्रयत्नांत अपयशी ठरले आणि चौथ्या प्रयत्नात, २८ सप्टेंबर २००८ रोजी, कक्षेत पोहोचले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नासाने कंपनीला अवकाश स्थानकाच्या मालवाहतुकीचे १.६ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. त्या कंत्राटाशिवाय ती कंपनी तगली असती असे मला वाटत नाही.

भारताच्या पीएसएलव्ही या रॉकेटचे पहिले उड्डाण सप्टेंबर १९९३ मध्ये फसले आणि दुसरे १९९४ मध्ये यशस्वी झाले. पैसे भरून आलेले पहिले परदेशी उपग्रह, एक कोरियाचा आणि एक जर्मनीचा, मे १९९९ मध्ये गेले, तेही भारताच्या ओशनसॅट उपग्रहाबरोबरचे सहप्रवासी म्हणून. मुख्य प्रवासीच परदेशी असलेले पहिले उड्डाण एप्रिल २००७ मध्ये झाले, तेव्हा इटलीचा ३५२ किलो वजनाचा ॲजाइल हा उपग्रह सोडला गेला. पहिल्या उड्डाणापासून इथवर यायला चौदा वर्षे लागली. या काळात पीएसएलव्हीला काम मिळत राहिले, कारण भारताला स्वतःचे दूरसंवेदन उपग्रह सोडायचे होते.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, ज्या देशाकडे सोडायला स्वतःचे उपग्रहच मोजके आहेत, त्याने या धंद्यात उतरताना पहिले पाऊल कोणते टाकावे?

पूर्वकिनारा

धागा महत्त्वाचा आहे, परंतु भूगोलाचा मुद्दा आपण पूर्णपणे वगळला आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे विषुववृत्तावर पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेग आपसूक मिळतो. ब्राझीलचे अल्कांतारा केंद्र विषुववृत्तापासून जेमतेम अडीच अंशांवर आहे आणि समोर मोकळा महासागर आहे. ज्या देशाला निसर्गाने अशी जागा दिली, त्याने ती भाड्याने देऊन सुरुवात केली तर बिघडले कुठे? परदेशी कंपन्या येतील, त्यांच्यामागून कुशल कामगार तयार होतील, सुटे भाग बनवणारे येतील आणि यथावकाश स्वतःचे रॉकेटही होईल.

कक्षावेध

विषुववृत्ताजवळच्या जागेचा खरा फायदा भूस्थिर कक्षेत जाणाऱ्या जड दळणवळण उपग्रहांना होतो. आज नवे देश आणि नव्या कंपन्या ज्या छोट्या उपग्रहांवर डोळा ठेवून आहेत, त्यांतील पुष्कळसे पृथ्वीनिरीक्षणाचे असतात आणि त्यांना ध्रुवांवरून जाणारी सूर्यसमकालिक कक्षा हवी असते. या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल सुमारे ९७-९८ अंश असल्याने पूर्वेकडचा तो फुकटचा वेग तिथे उपयोगी पडत नाही. उलट तो थोडासा मोडूनच काढावा लागतो. अशा उड्डाणांसाठी दक्षिणेकडे किंवा उत्तरेकडे शेकडो किलोमीटर निर्मनुष्य समुद्र असणे अधिक मोलाचे ठरते. म्हणूनच नॉर्वेतील अंडोया आणि ब्रिटनच्या उत्तर टोकाला असलेली शेटलंड बेटे यांच्यासारख्या, विषुववृत्तापासून फार दूरच्या जागांचा विचार होतो.

श्रीहरिकोट्याचे उदाहरण बोलके आहे. तिथून ध्रुवीय कक्षेसाठी सरळ दक्षिणेला निघाले तर वाटेत श्रीलंका येते. त्यामुळे रॉकेट आधी आग्नेयेकडे सोडायचे आणि पुढे उड्डाणातच दक्षिणेकडे वळवायचे, अशी कसरत करावी लागते. मोठ्या रॉकेटला वळणात खर्ची पडणारे इंधन परवडते, पण एसएसएलव्हीसारख्या छोट्या रॉकेटची वहनक्षमता त्यातच संपत येते. यासाठीच तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ कुलसेकरपट्टिनम येथे नवा तळ उभारला जात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथून सरळ दक्षिणेला निघाले की अंटार्क्टिकापर्यंत वाटेत मोठी भूमी नाही.

जागा भाड्याने देण्याबद्दल म्हणाल, तर केनियाचा इतिहास पाहावा. मालिंदीजवळच्या समुद्रात इटलीने सान मार्को नावाचा तरंगता तळ उभारला होता. १९६७ ते १९८८ या काळात तिथून अमेरिकी स्काउट रॉकेटे उडाली. क्ष-किरणांचा वेध घेणारा पहिला उपग्रह, उहुरू, १९७० मध्ये तिथूनच गेला. विषुववृत्ताला इतकी जवळची जागा, दोन दशकांचा वापर, आणि तरीही त्यातून केनियात प्रक्षेपण-उद्योग उभा राहिला नाही. रॉकेट बाहेरून आले, तंत्रज्ञ बाहेरून आले, उपग्रह बाहेरून आले आणि काम झाल्यावर सगळे परत गेले.

कलम सहावे

कायद्याचा अभ्यासक म्हणून थोडे सविस्तर लिहितो, कारण हा भाग वृत्तपत्रांत क्वचितच येतो आणि लहान देशाला सर्वांत मोठा फटका इथेच बसू शकतो.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार, खासगी कंपनीने अवकाशात काहीही केले तरी त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या देशावर येते आणि तिला परवानगी देणे व तिच्यावर सतत देखरेख ठेवणे हे त्या देशाचे कर्तव्य असते. १९७२ चा दायित्व करार याच्या पुढे जातो. त्यात प्रक्षेपक राष्ट्राची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. जो देश प्रक्षेपण करतो, जो ते करवून घेतो, ज्याच्या भूमीवरून ते होते आणि ज्याची सुविधा वापरली जाते, ते सर्व प्रक्षेपक राष्ट्र ठरतात. रॉकेटचा तुकडा जमिनीवर किंवा उडत्या विमानावर पडून हानी झाली, तर चूक कोणाची हा प्रश्नच उद्भवत नाही. भरपाई द्यावीच लागते. अवकाशात झालेल्या हानीसाठी मात्र चूक सिद्ध करावी लागते. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह १९७८ मध्ये कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला, तेव्हा अखेर १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.

म्हणजे पूर्वकिनारा यांनी सुचवल्याप्रमाणे जागा नुसती भाड्याने दिली, तरी परक्या कंपनीच्या परक्या रॉकेटची जबाबदारी यजमान देशाच्या शिरावर येते. भाडे मर्यादित असते, पण दायित्वाला या करारात कमाल मर्यादा घातलेली नाही.

यावरचा व्यवहार्य तोडगा अमेरिकेने १९८८ मध्ये आपल्या प्रक्षेपण कायद्यात केलेल्या दुरुस्तीत दिसतो. कंपनीने त्रयस्थांच्या हानीसाठी विमा घ्यायचा, त्याची रक्कम त्या विशिष्ट उड्डाणाच्या संभाव्य नुकसानीचे गणित करून ठरवायची आणि तीही कमाल ५० कोटी डॉलरपर्यंत. त्यापुढचे नुकसान ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार सोसते. यामुळे विमा कंपनीला आपला धोका मोजता येतो, आणि धोका मोजता आला की हप्ताही सांगता येतो. न्यूझीलंडने २०१६ मध्ये अवकाश संस्था स्थापन केली आणि २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. ब्रिटनने २०१८ मध्ये केला. भारतात २०२० मध्ये इन-स्पेस ही परवाना देणारी संस्था जाहीर झाली आणि २०२३ मध्ये अवकाश धोरण आले, परंतु २०१७ मध्ये मसुदा प्रसिद्ध होऊनही संसदेने अवकाश कायदा अजून संमत केलेला नाही. धोरण आणि कायदा यांत फरक असतो. न्यायालयात दाद मागायची वेळ आली, तर धोरणाच्या कागदाला फारसे वजन नसते, आणि दहा वर्षांसाठी पैसे गुंतवणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

आणखी एक अडचण निर्यात नियंत्रणाची आहे. जगातील बहुसंख्य उपग्रहांत कुठे ना कुठे अमेरिकी बनावटीचा भाग असतो, आणि असा उपग्रह दुसऱ्या देशात प्रक्षेपणासाठी न्यायचा तर अमेरिकेची परवानगी लागते. त्यासाठी तंत्रज्ञान-संरक्षणाचा द्विपक्षीय करार लागतो. न्यूझीलंडने तो २०१६ मध्येच केला. ब्राझीलने २००० मध्ये सही केली, पण संसदेने सार्वभौमत्वाच्या मुद्द्यावर तो रोखला आणि नवा करार व्हायला २०१९ उजाडले. अल्कांताराचा मोक्याचा भूगोल मधली जवळपास दोन दशके त्या कागदावाचून अडून राहिला.

धातुकर्मी

यंत्रभागांच्या तपासणीच्या क्षेत्रात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत, त्यामुळे कारखान्याच्या बाजूने लिहितो.

रॉकेट अपयशी ठरले की लोक इंजिनाकडे बोट दाखवतात. परंतु अलीकडची काही अपयशे बारकाईने पाहिली, तर दोष बहुतेक वेळा जोडणीत, बांधणीत किंवा गृहीतकात सापडतो. दक्षिण कोरियाचे नूरी हे रॉकेट २१ ऑक्टोबर २०२१ रोजी पहिल्यांदा उडाले. तिन्ही टप्पे सुरळीत पेटले, पण तिसऱ्या टप्प्याचे इंजिन ठरल्यापेक्षा सुमारे नऊ टक्के आधी, म्हणजे ५२१ सेकंदांऐवजी ४७५ सेकंदांत, बंद पडले आणि कक्षेत स्थिरावण्याइतका वेग मिळाला नाही. चौकशीत जे आढळले ते प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवावे असे आहे. तिसऱ्या टप्प्याच्या ऑक्सिजन टाकीच्या आत हेलियमची एक टाकी बसवलेली असते. ती द्रवरूप ऑक्सिजनमध्ये बुडालेली असल्याने तिच्यावर वरच्या दिशेने उत्प्लावक बल येते. जमिनीवर हे बल जेवढे असते, त्याच्या कितीतरी पट ते रॉकेट त्वरणाने वर जाताना होते, कारण त्वरणाबरोबर द्रवाचे भासमान वजन वाढते. टाकी पकडून ठेवणाऱ्या भागाच्या रचनेत या वाढीचा पुरेसा विचार झालेला नव्हता. टाकी निसटली, हेलियम गळू लागला, ऑक्सिजनच्या टाकीला तडे गेले आणि इंजिनाला ऑक्सिजन कमी पडला. पुढच्याच वर्षी, २१ जून २०२२ रोजी, सुधारित पकड घेऊन नूरी यशस्वी झाले.

भारताच्या एसएसएलव्हीचे ऑगस्ट २०२२ मधले पहिले उड्डाणही असेच. दुसरा टप्पा विलग होताना क्षणभर कंपने झाली आणि त्वरणमापकांची मापनमर्यादा ओलांडली गेली. संवेदक खरे तर ठीक होते, पण ते बिघडले असे संगणकाच्या तर्काने ठरवले आणि पर्यायी मार्ग पकडला. उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळात गेले आणि टिकले नाहीत. ब्रिटनच्या कॉर्नवॉलमधून जानेवारी २०२३ मध्ये विमानाखालून सोडलेले व्हर्जिन ऑर्बिटचे रॉकेट इंधनवाहिनीतली गाळणी निसटल्याने गेले. कंपनीच्या प्रमुखांनी त्या भागाची किंमत सुमारे शंभर डॉलर सांगितली होती. त्यानंतर काही महिन्यांतच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या तिन्ही उदाहरणांतून मी एकच निष्कर्ष काढतो. अशा चुका कागदावर सापडत नाहीत, त्या उड्डाणात सापडतात. त्यामुळे ज्याला लवकर दुसरे उड्डाण करता येते तो तगतो. कोरियाच्या मागे सरकार होते, इस्रोच्या मागे सरकार होते, व्हर्जिन ऑर्बिटकडे पुढच्या उड्डाणापुरतीही रोकड उरली नव्हती.

सुट्या भागांच्या कारखान्याची बाजूही सांगतो. अवकाशासाठीचा साधा बोल्ट घेतला तरी त्याच्यामागे कागदांची चळत असते. पोलाद कोणत्या हीट नंबरचे, म्हणजे वितळणीच्या कोणत्या घाणीतले, त्याचे टेस्ट सर्टिफिकेट कुठे आहे, उष्णतासंस्कार कोणत्या भट्टीत झाला, त्या भट्टीचे तापमापक शेवटचे कधी तपासले गेले, हे सगळे त्या एका बोल्टपर्यंत माग काढता आले पाहिजे. ही शिस्त अंगी बाणवायला कारखान्याला काही वर्षे लागतात आणि ती मोडायला एक रिकामे वर्ष पुरते. वेल्डिंगचा हात बसलेला माणूस काम नाही म्हणून दुसरीकडे गेला, की पुढच्या ऑर्डरीला तो परत येत नाही. भारतात गोदरेज, वालचंदनगर, लार्सन अँड टुब्रो यांच्यासारख्या कंपन्या आज रॉकेटचे मोठे भाग बनवतात, कारण इस्रोने त्यांना अनेक दशके काम पुरवले. काम कमी होते, पण खंड पडला नाही.

हिशेबी

मला या संपूर्ण चर्चेच्या पायाबद्दलच शंका आहे आणि ती मी प्रामाणिकपणे मांडतो. नवोदित देशाने रॉकेट करावेच कशाला?

स्पेसएक्सने जानेवारी २०२१ मध्ये ट्रान्सपोर्टर-१ या एकाच उड्डाणात १४३ उपग्रह सोडले. त्या काळी २०० किलोंपर्यंतच्या उपग्रहासाठी दर दहा लाख डॉलर होता. दर नंतर वाढले, पण छोट्या रॉकेटच्या स्वतंत्र उड्डाणाशी तुलना केली तर आजही ते किलोमागे कितीतरी स्वस्त आहेत. या दराशी स्पर्धा करता करता छोट्या रॉकेटांच्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या किंवा त्यांनी धंदा बदलला. अवकाश अर्थव्यवस्थेत प्रक्षेपणाचा वाटा लहान आहे. खरी उलाढाल उपग्रहांपासून मिळणाऱ्या सेवांमध्ये, भूकेंद्रांमध्ये आणि ग्राहकाच्या हातातील उपकरणांमध्ये आहे. तोच पैसा उपग्रह बनवण्यात आणि त्यांच्या माहितीचा शेतीला, मासेमारीला, हवामान अंदाजाला उपयोग करून देण्यात घातला, तर देशाचे अधिक हित होईल. रॉकेट प्रतिष्ठा देते हे मला मान्य आहे, पण शाळा-दवाखान्यांच्या पैशातून प्रतिष्ठा विकत घेणे मला पटत नाही.

कक्षावेध

हिशेबी, आपला आक्षेप या धाग्यातला सर्वांत वजनदार आहे आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. किलोमागच्या दरात कोणत्याही नव्या देशाने मोठ्या पुनर्वापरक्षम रॉकेटशी स्पर्धा करण्याची भाषाच करू नये. ज्या योजनेचे सगळे गणित 'आम्ही स्वस्तात सोडू' या एका वाक्यावर उभे आहे, ती योजना सरकारने परत पाठवावी. स्वस्त मजुरीचा युक्तिवादही इथे फार पुढे जात नाही. वर्षाला एक रॉकेट उडत असेल, तर तळाचा, चाचणी केंद्राचा आणि शेकडो अभियंत्यांचा वर्षभराचा खर्च त्या एका रॉकेटवर पडतो. मग वेतन कितीही कमी असो.

परंतु ग्राहक केवळ दर पाहत नाही. सहप्रवासी उपग्रहाला ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या कक्षेत, इतरांच्या सोयीने जावे लागते. स्वतःची कक्षा आणि स्वतःची तारीख हवी असणारा ग्राहक जास्त पैसे मोजतो. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या रॉकेट लॅब कंपनीचे इलेक्ट्रॉन हे जेमतेम ३०० किलो वाहणारे रॉकेट असूनही २०२४ मध्ये १६ वेळा उडाले, ते याच ग्राहकांच्या बळावर.

दुसरी गोष्ट उपलब्धतेची. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे वनवेब या उपग्रह-इंटरनेट कंपनीची रशियाच्या सोयुझ रॉकेटवरची उड्डाणे अचानक थांबली आणि कझाकस्तानातील बैकानूर तळावर पोहोचलेले तिचे ३६ उपग्रह तिथेच अडकून पडले. कंपनीने स्पेसएक्सकडे आणि भारताच्या न्यूस्पेस इंडिया या सरकारी व्यावसायिक कंपनीकडे धाव घेतली. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी भारताच्या एलव्हीएम-३ या मोठ्या रॉकेटने तिचे ३६ उपग्रह सोडले आणि २६ मार्च २०२३ रोजी आणखी ३६. एलव्हीएम-३ ची रचना या बाजारासाठी झालेली नव्हती. ते देशाच्या स्वतःच्या गरजेसाठी तयार होते, म्हणून सात महिन्यांत कामाला आले. अशी संधी कोणत्याही व्यवसाय-आराखड्यात मांडता येत नाही, पण हाताशी तयार रॉकेट असलेल्यालाच ती घेता येते.

राहिला शाळा-दवाखान्यांचा प्रश्न. तो टाळण्यासारखा नाही. म्हणूनच मी अनुदान हा शब्द वापरत नाही, खरेदी म्हणतो. सरकारला हवामान, सागरी टेहळणी किंवा जमीन-नोंदीसाठी जे उपग्रह तसेही सोडायचे आहेत, त्यांपैकी काही देशी कंपनीकडून सोडून घ्यावेत. तसे उपग्रहच नसतील, तर आपले म्हणणे बरोबर आहे. त्या देशाने आधी उपग्रह करावेत, रॉकेट नको.

दोन पिढ्या

तळाच्या आसपास राहणाऱ्या माणसांविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

अल्कांताराचे केंद्र १९८० च्या दशकात उभारले गेले, तेव्हा पळून आलेल्या गुलामांच्या वंशजांच्या, म्हणजे क्विलोंबोला समाजाच्या, शेकडो कुटुंबांना समुद्रकिनाऱ्यावरून हलवून आतल्या भागातील आखीव वसाहतींत नेण्यात आले. मासेमारीवर जगणारी माणसे समुद्रापासून तोडली गेली. त्यांच्या जमिनीच्या हक्कांचा वाद चार दशके चालला आणि २०२५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने ब्राझीलला जबाबदार धरणारा निकाल जाहीर केला. याउलट न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरचा तळ ज्या जमिनीवर आहे, ती माओरी भागधारकांच्या संस्थेच्या मालकीची आहे आणि कंपनीने ती त्यांच्याकडून भाडेपट्ट्याने घेतली आहे. सगळे गोडीगुलाबीचे आहे असे मी म्हणत नाही. तिथेही लष्करी उपग्रहांवरून आक्षेप घेतले गेले. पण जमीनमालक करारातला एक पक्ष आहे, हा फरक फार मोठा आहे.

अल्कांताराचे नाव निघाले आहे तर २२ ऑगस्ट २००३ ची आठवणही ठेवली पाहिजे. उड्डाणाला तीन दिवस उरले असताना व्हीएलएस रॉकेटची एक घन-इंधन मोटर तळावरच अपघाताने पेटली आणि २१ तंत्रज्ञ मृत्युमुखी पडले. ज्या देशात या विषयातली अनुभवी माणसे मोजकीच असतात, तिथे एका दिवसात एवढी माणसे गेल्यावर मागे काय उरत असेल, याची कल्पना करवत नाही. तो प्रकल्प पुढे कधीच सावरला नाही आणि अखेर गुंडाळला गेला. सुरक्षेचा खर्च कुठे वाचवायचा, याची चर्चा करणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये.

पूर्वकिनारा

माझा भाड्याचा मुद्दा मी मागे घेतो. दायित्वाची बाजू मला एवढी स्पष्ट माहीत नव्हती. परंतु न्यूझीलंडचे उदाहरण कक्षावेध यांच्या मूळ मांडणीला छेद देत नाही का? तिथल्या सरकारकडे सोडायला उपग्रह नव्हतेच. तरीही उद्योग उभा राहिला.

कक्षावेध

हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारत होतो. उत्तर असे आहे की, तिथेही पहिला मोठा ग्राहक सरकारच होता, फक्त ते दुसऱ्या देशाचे सरकार होते.

रॉकेट लॅब २००६ मध्ये न्यूझीलंडमध्ये स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या संशोधनाला अमेरिकी संरक्षण खात्याच्या संस्थांकडून पैसा मिळाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये, इलेक्ट्रॉन एकदाही उडाले नसताना, नासाने छोट्या प्रक्षेपकांसाठीच्या योजनेतून तीन कंपन्यांना कंत्राटे दिली. त्यांत रॉकेट लॅबचा वाटा सुमारे ६९ लाख डॉलर होता. मे २०१७ मधले पहिले उड्डाण अवकाशात पोहोचले, पण जमिनीवरच्या दुसऱ्या कंपनीच्या दूरमापन उपकरणातील चुकीमुळे ते मध्येच थांबवावे लागले. रॉकेटमध्ये दोष नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये दुसरे उड्डाण कक्षेत पोहोचले आणि डिसेंबर २०१८ मध्ये नासाचे ते उड्डाण माहियावरून पार पडले.

आता याची दुसरी बाजू पाहा. कंपनीने आपली नोंदणी आणि मुख्यालय अमेरिकेत हलवले, कारण ग्राहक आणि भांडवल तिथे होते. तिचे पुढचे, मध्यम वजनाचे न्यूट्रॉन हे रॉकेट व्हर्जिनियातून उडवण्याची योजना आहे. न्यूझीलंडला तळ मिळाला, रोजगार मिळाला, कौशल्य मिळाले, आणि ते थोडे नाही. पण निर्णयाचे केंद्र ग्राहकामागून गेले. म्हणून माझ्या मूळ मांडणीत मी एवढी भर घालतो की, पहिला ग्राहक ज्या देशाचा असतो, कंपनीही कालांतराने त्या देशाची होते. ज्याला उद्योग आपल्या घरी ठेवायचा आहे, त्याला पहिली खरेदी स्वतः करावी लागेल.

कोरियाने ती केली. २०२२ पासून नूरीच्या पुढच्या उड्डाणांच्या कार्यक्रमात हानव्हा एरोस्पेस या खासगी कंपनीला जोडणीची जबाबदारी आणि टप्प्याटप्प्याने तंत्रज्ञान देण्यात आले. फक्त वेग संथ राहिला. तिसरे उड्डाण मे २०२३ मध्ये आणि चौथे नोव्हेंबर २०२५ मध्ये झाले.

हिशेबी

खरेदी आणि अनुदान यांतला फरक मला पटला, पण तो कंत्राटात कसा दिसावा हे सांगितले नाही, तर सरकारी खात्यांत दोन्ही एकच होऊन बसतात. किमान एवढे तरी लिहावे की अनेक कंपन्यांना छोटी कंत्राटे द्यावीत आणि एकालाच मोठे देऊ नये.

कलम सहावे

नासाच्या २०१५ च्या त्या योजनेत तेच केले होते. निवडलेल्या तीन कंपन्यांपैकी फायरफ्लाय पुढच्याच वर्षी आर्थिक संकटात सापडली आणि नव्या मालकीखाली पुन्हा उभी राहिली. व्हर्जिनने नासाचे उड्डाण जानेवारी २०२१ मध्ये केले आणि दोन वर्षांनी ती बुडाली. तिन्ही मिळून रक्कम दोन कोटी डॉलरच्या आतच होती. पैसे टप्प्यांनुसार द्यावेत, शेवटचा मोठा हप्ता उपग्रह कक्षेत पोहोचल्यावर द्यावा आणि पहिली उड्डाणे कमी मोलाच्या, प्रायोगिक उपग्रहांची असावीत. अपयश आले तर अधिकाऱ्यावर चौकशी लागणार नाही, हेही त्याच योजनेच्या मंजुरीत लेखी असावे, नाहीतर कोणताही अधिकारी नवख्या रॉकेटच्या कागदावर सही करणार नाही.

धातुकर्मी

त्यात एक कलम माझ्याकडून घालावे. कंत्राट एका उड्डाणाचे नसावे, किमान चार-पाच उड्डाणांचे असावे, आणि प्रत्येक उड्डाणाची तिमाही आधीच ठरलेली असावी. कोरियाच्या त्या अडीच वर्षांच्या खंडात सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांनी माणसे कशाच्या जोरावर धरून ठेवायची? पोलादाची ऑर्डर, भट्टीची पाळी, तपासनिसाची नेमणूक हे सगळे तारीख पाहून ठरते. एखादे उड्डाण फसले, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत पुढच्या रॉकेटचे सुटे भाग बनवणे चालू राहील आणि त्यांचे पैसे मिळत राहतील, अशी तरतूद असली म्हणजे कारखानदार बँकेत जाऊन यंत्र घेण्यासाठी कर्ज मागू शकेल.